दावे नसलेला सोबती : शहापूर-मुरबाडमधील माणूस आणि मांजर

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते. गुरांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी ही यात्रा दूरवर प्रसिद्ध आहे. बैल घेणारा शेतकरी तेथे जनावराचे दात पाहतो, खूर, खांदा व शिंगे न्याहाळतो, उपरण्याखाली बोटे दाबून सौदा ठरवितो आणि नव्या दाव्याला बांधून बैल घरी आणतो. शेळीला किंमत असते, कोंबडीला किंमत असते. मात्र शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील आठवडी बाजारांत किंवा यात्रांत मांजर विकावयास आलेले आम्ही कधी पाहिले नाही. शेजाऱ्याकडे भाटी व्याली म्हणजे पिले अंगावरून सुटेपर्यंत थांबावयाचे आणि मग त्यांतील एक मागून आणावयाचे, हीच येथील रीत. त्या पिलाच्या नाकात वेसण जात नाही आणि गळ्यात दावेही पडत नाही. ते घरात राहते ते स्वतःच्या मर्जीने आणि एखाद्या दिवशी निघून गेले तर त्याला परत आणण्याचा अधिकार कोणी सांगत नाही.

या साध्या वस्तुस्थितीतच मनुष्य आणि मांजर यांच्या संबंधाचे मर्म आहे, असे आम्हांस वाटते. मांजर हा घराचा प्राणी आहे. परंतु तो मालमत्तेचा प्राणी नाही. प्रस्तुत लेखात या संबंधाचा इतिहास आम्ही शहापूर-मुरबाडच्या भूमीवरून पाहणार आहोत आणि प्रसंगी पाली वाङ्मयाचा व बाहेरील जगाचा आधार घेणार आहोत. मांजर म्हटले की चूल, दूध व गृहिणी यांचेच स्मरण होते. पुरुषाचा संबंध बैलाशी किंवा राखणीच्या कुत्र्याशी जोडला जातो. तथापि या भागातील घरांत संध्याकाळी जेवावयास बसलेल्या वृद्ध पुरुषाच्या ताटाशेजारी कोण बसलेले असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या विषयाचे प्रयोजन वेगळे सांगावयास नको.

धान्याच्या मागोमाग

मनुष्याने बैल, घोडा व मेंढी यांना पकडून पाळले. मांजराच्या बाबतीत घटनाक्रम उलटा दिसतो. मनुष्याने शेती सुरू केली, धान्याचा साठा केला, साठ्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. आजच्या पाळीव मांजरांचे पूर्वज पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका येथील रानमांजरे होत, असे आनुवंशशास्त्राच्या अभ्यासाने दाखविले आहे. भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे एक दफन उजेडात आले व त्याचा वृत्तान्त २००४ साली प्रसिद्ध झाला. त्या दफनात मनुष्याच्या सांगाड्याशेजारी मांजराचा सांगाडा होता. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती. अर्थात कोणीतरी ते मांजर किंवा त्याचे पूर्वज नावेतून नेले असले पाहिजेत. उंदीर मारण्यासाठी ठेवलेल्या प्राण्याला मनुष्य आपल्याशेजारी पुरून घेत नाही. उपयोगाच्या पलीकडचे काहीतरी त्या काळीच निर्माण झाले होते, एवढे या दफनावरून निश्चित म्हणता येते.

आपल्या उपखंडातही एक बोलका पुरावा आहे. सिंधू संस्कृतीच्या चन्हुदडो येथे १९३५-३६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांच्या उत्खननात एक वीट सापडली. वीट ओली असताना तिच्यावरून मांजर धावत गेले आणि त्याच्या पाठोपाठ कुत्राही गेला. दोघांच्या पावलांचे ठसे भाजलेल्या विटेवर कायम राहिले. ते मांजर कोणाच्या घरचे होते की केवळ वस्तीत वावरणारे होते, हे ठशांवरून ठरत नाही. परंतु चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी वीटभट्टीच्या आवारात मांजर येत होते, एवढे ती वीट सांगते.

शहापूर व मुरबाड हे तालुके आजही भाताचे आहेत. २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा वेगळा झाला. हे दोन तालुके ठाण्यातच राहिले. सह्याद्रीच्या पायथ्याशी भरपूर पाऊस, खाचरांत भात, वरकस जमिनीवर नागली व वरई, हा येथील जुना क्रम. दिवाळीच्या सुमारास कापणी होते, भारे खळ्यावर येतात, झोडणी होते आणि शेण-मातीने लिंपलेल्या बांबूच्या कणगीत वर्षाचे धान्य जाते. पेंढा गोठ्याच्या माळ्यावर चढतो. त्याच वेळी बांधांच्या बिळांतील उंदीरही घराकडे वळतो. एक बिळ खणले तर त्यात साठविलेल्या लोंब्यांचा ढीग निघतो. या भागातील कातकरी बांधव अशी बिळे खणून त्यांतील धान्य मिळवीत आणि उंदीर हे त्यांचे अन्नही असे; भूमिहीन माणसाला उंदराच्या कोठारातून आपला वाटा काढावा लागावा, ही या समृद्ध दिसणाऱ्या प्रदेशाची दुसरी बाजू होय. ज्याची कणगी होती त्याने मात्र उंदरासाठी मांजर ठेवले.

नाणेघाटाची वाट

मुरबाडहून सरळगाव, टोकावडे व वैशाखरे या गावांवरून जाणारी वाट नाणेघाटाच्या पायथ्याशी पोहोचते. घाट चढून गेले की जुन्नर. सोपारा व कल्याण या बंदरांना दख्खनच्या पठाराशी जोडणाऱ्या प्राचीन व्यापारी मार्गांपैकी ही एक प्रमुख वाट. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागणिका हिच्याशी संबंधित सुप्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे. त्यात अनेक यज्ञांची नावे असून त्या यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे व हत्ती यांची गणना आहे. राजसत्तेच्या दृष्टीने कोणते प्राणी मोजण्याजोगे होते, हे त्या यादीवरून कळते.

आता दुसरी एक यादी पाहू. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात श्रमणाने कोणकोणत्या वस्तूंचा स्वीकार करू नये हे सांगितले आहे. त्यात शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या, डुकरे, हत्ती, गाई-बैल व घोडे-घोड्या येतात. पहिली यादी दानाची, दुसरी दान नाकारण्याची. दोन्ही याद्यांची दृष्टी परस्परविरुद्ध आहे. परंतु मांजर दोहोंतही नाही. देणाऱ्याने ते दिले नाही आणि त्यागणाऱ्याला ते त्यागावे लागले नाही, कारण ते कोणाच्या मालकीचेच नव्हते. म्हशाच्या बाजारात मांजर का दिसत नाही, या प्रश्नाचे उत्तर इतके जुने आहे.

या मार्गावर धान्य मात्र होते. जुन्नर परिसरातील बौद्ध लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख आहे. कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख येतात. भिक्खूसंघाला वर्षावासासाठी निवारा मिळाला तो अशा व्यापाऱ्यांच्या व कारागिरांच्या दानातून. लेखांत मांजराचा उल्लेख नाही आणि असण्याचे कारणही नाही. परंतु जेथे धान्याची कोठारे, तेथे उंदीर आणि जेथे उंदीर, तेथे मांजर, हा न्याय प्राचीन जुन्नरलाही लागू असलाच पाहिजे. हे आमचे अनुमान आहे. तथापि पाली वाङ्मयात मांजर ज्या सहजतेने वावरते ते पाहता हे अनुमान धाडसाचे वाटत नाही.

पाली वाङ्मयातील मांजर

पाली ग्रंथांत मांजराला ‘बिळार’ म्हटले आहे आणि त्याची पहिली ओळख फारशी स्पृहणीय नाही. बब्बुजातकात बोधिसत्त्व पाथरवट आहेत. धनावर राहणारी एक उंदरी त्यांच्याकडून मांस आणविते. एका मांजराने पकडले असता त्या मांसातील वाटा देऊन ती जीव वाचविते. मग दुसरे, तिसरे व चौथे मांजर येते आणि वाटे देता देता ती क्षीण होते. तेव्हा बोधिसत्त्व तिच्यासाठी स्फटिकाचे बिळ करून देतात व लोभी मांजरे त्यावर झेप घेऊन मरतात. ही कथा सांगण्याचा प्रसंग विशेष आहे. एका उपासिकेने मुलीला सासरी पाठविण्यासाठी केलेले अपूप एकामागून एक आलेल्या चार भिक्खूंनी नेले व त्या मुलीचा संसार मोडला. त्या चार भिक्खूंनाच कथेत चार मांजरांचे रूप मिळाले आहे. दात्याची शक्ती न पाहता घेत राहणाऱ्यांना भर सभेत मांजर म्हणण्याचे धैर्य या वाङ्मयात आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

कुक्कुटजातकातील मांजरी गोड बोलून कोंबड्याला भुलवू पाहते. भारहूतच्या स्तूपाच्या कठड्यावर हा प्रसंग कोरलेला आहे : झाडावर कोंबडा, खाली मांजरी आणि जवळ कथेचे नाव सांगणारा ब्राह्मी लेख. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे हे शिल्प. १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी भारहूतचे अवशेष उजेडात आणले व आज त्यांचा मोठा भाग कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. ज्याने ती मांजरी कोरली त्या शिल्पकाराने तिला कोठेतरी जवळून पाहिले असणार. बिळारजातकात धर्मनिष्ठेचे सोंग घेऊन उंदीर खाणाऱ्याची कथा आहे. दांभिकाला मांजराची उपमा देण्याची ही परंपरा महाभारतात व पंचतंत्रातही आढळते. धम्मपदाच्या अट्ठकथेत दोन सवतींच्या वैराची कथा येते. त्यांतील एक मांजरी होऊन दुसरीची, म्हणजे कोंबडीची, अंडी खाते. पुढील जन्मी भूमिका पालटतात आणि वैराने वैर शमत नाही हा बोध होईपर्यंत ही साखळी चालू राहते.

परंतु एवढ्यावर थांबणे अन्यायाचे होईल. मिलिंदपञ्हात भिक्खूने मांजराचे दोन गुण घ्यावेत असे सांगितले आहे : मांजर गुहेत, बिळात किंवा वाड्यात कोठेही गेले तरी आपले भक्ष्यच शोधते, तसे भिक्खूने कोठेही असता कायगतास्मृतीचाच शोध घ्यावा, आणि मांजर आपले अन्न जवळपासच शोधते, तसे भिक्खूने याच देहाच्या ठिकाणी उदयव्यय पाहावा. मज्झिमनिकायातील ककचूपमसुत्तात क्षमाशील चित्ताला उपमा दिली आहे ती मांजराच्या कातड्याच्या मऊ, चांगल्या कमावलेल्या पिशवीची. काठीने डिवचले तरी ती पिशवी करकर आवाज करीत नाही. तसे मैत्रीने भावित झालेले चित्त कठोर शब्दांनी खवळत नाही. ज्या प्राण्याला दंभाचे व लोभाचे प्रतीक केले, त्याच्याच अंगाचा मऊपणा मैत्रीचे वर्णन करण्यास उपयोगी पडला. प्राचीन भिक्खूंच्या बोटांना मांजराचा स्पर्श अपरिचित नव्हता, असेच यावरून म्हणावे लागते.

सम्राटाची रोजनिशी आणि चित्रकाराचे मांजर

बौद्ध जगात एका पुरुषाने आपल्या पाळीव मांजराविषयी स्वतः लिहिलेले सर्वांत जुने टिपण जपानचा सम्राट उदा याचे मानले जाते. इ. स. ८८९ मधील त्याच्या रोजनिशीत पित्याकडून मिळालेल्या काळ्या मांजराचे वर्णन आहे. इतर मांजरे राखाडी, हे मात्र शाईसारखे काळे. त्याची चाल निःशब्द. आणि सम्राट त्याला रोज सकाळी दुधाची पेज देतो. तुला माझे मन कळत असेल, असे तो मांजराला म्हणतो आणि मांजर मान वर करून पाहते. परंतु त्याला बोलता येत नाही. याच उदाने ८९७ साली राज्यत्याग केला व पुढे तो बौद्ध भिक्खू झाला. राज्य सोडण्यापूर्वीच त्याने मालकीविना माया कशी असते हे एका मांजराकडून थोडेसे जाणले होते काय, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

पूर्व आशियात दुसरीही एक परंपरा आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणाच्या चित्रांत शोक करणारे सर्व प्राणी असतात, मात्र मांजर बहुधा नसते. कारण म्हणून लोककथा सांगते की, मायादेवीने स्वर्गातून टाकलेले औषध झाडात अडकले, ते आणावयास उंदीर निघाला आणि मांजराने त्याला वाटेतच धरले. म्हणून मांजर त्या पवित्र प्रसंगातून वगळले गेले. परंतु क्योटोच्या तोफुकुजी विहारात मिंचो या भिक्खू-चित्रकाराने १४०८ साली काढलेल्या महापरिनिर्वाणाच्या भव्य चित्रात मांजर आहे. चित्र काढीत असताना एका मांजराने त्याला हवा असलेला रंग आणून दिला व कृतज्ञतेने त्याने त्याला चित्रात स्थान दिले, अशी दंतकथा आहे. कथा खरी असो वा नसो, चित्रातील मांजर खरे आहे. वगळलेल्याला आत घेणे ही धम्माच्या वृत्तीशी सुसंगत कृती होय. आणि ज्यांना शतकानुशतके वेशीबाहेर ठेवण्यात आले, त्या समाजाला या चित्राचा अर्थ विशेष विवरणाविना कळेल.

प्लेगचे दिवस

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रकट झाला तो मांडवी भागात, म्हणजे गोदींजवळच्या धान्याच्या वखारींच्या वस्तीत. तेथून तो रेल्वेमार्गाने व रस्त्यांनी पसरला. शहापूर तालुका तोपर्यंत रेल्वेशी जोडला गेला होता. कल्याणहून वासिंदपर्यंत १८५५ साली, आसनगावपर्यंत १८६० साली व कसाऱ्यापर्यंत १८६१ साली लोहमार्ग पोहोचला होता. सक्तीचे विलगीकरण, घरांची झडती, सामानाची होळी या उपायांनी लोक त्रस्त झाले. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगग्रस्तांची सेवा करीत असता त्याच रोगाने निवर्तल्या. रोग नेमका कसा पसरतो हे त्या वेळी ठाऊक नव्हते. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने उंदरांवरील पिसवा हे त्याचे वाहन असल्याचे प्रतिपादन केले व पुढील दशकात मुंबईतील संशोधनाने ते सिद्ध झाले.

याच सुमारास आपल्या महाराष्ट्रातच मांजराच्या बाजूने एक उल्लेखनीय युक्तिवाद झाला. अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी गावोगाव किती घरांत मांजरे आहेत व तेथे प्लेग कितपत आहे, याची तुलना केली. ज्या गावांत मांजरे पुष्कळ होती ती बहुतांशी प्लेगमुक्त होती, असे त्यांस आढळले आणि १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी मांजर हा प्लेगचा प्रतिबंधक आहे असे मत मांडले. या मताची मर्यादा आज स्पष्ट आहे : मांजरालाही प्लेग होऊ शकतो व क्वचित त्याच्याकडून तो माणसालाही होतो. तरीही वऱ्हाडातील खेड्यांत घरोघर फिरून मांजरे मोजणारा तो वैद्य आम्हांस महत्त्वाचा वाटतो. जो प्राणी राजाच्या दानलेखात मोजला गेला नव्हता, तो प्रथमच शासकीय अधिकाऱ्याच्या हिशेबात आला, तो गरिबाच्या झोपडीचा रक्षक म्हणून.

वाघाची मावशी

शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात ठाकूर, महादेव कोळी व वारली यांच्या वस्त्यांत वाघदेवाची पूजा आहे. दिवाळीच्या प्रारंभी वाघबारस पाळली जाते व गुरांना वाघापासून अभय मागितले जाते. आज या रानांत वाघ राहिलेला नाही; तानसा अभयारण्याच्या परिसरात बिबट्याचा वावर आहे आणि वस्तीतील कुत्रे वा मांजर तो अधूनमधून उचलतो. मांजर ही वाघाची मावशी, असे लोक म्हणतात. तिने भाच्याला शिकारीच्या सर्व विद्या शिकविल्या, फक्त झाडावर चढण्याची राखून ठेवली, ही गोष्ट या भागात मुलांना अजून सांगितली जाते. ज्याच्या भीतीने गोठ्याला कूड घालावयाचा, त्याच्याच मावशीला चुलीजवळ झोपू द्यावयाचे, यातील गंमत लोकांना पुरती कळते.

भयाची दुसरी रूपे मात्र इतकी निरुपद्रवी नाहीत. मांजर आडवे गेले म्हणून कामास निघालेला पुरुष परत फिरतो. घरी मात्र तोच पुरुष आपल्या मन्याला पहिला घास घालतो. शेजाऱ्याचे मांजर अपशकुनी आणि आपले मांजर शहाणे, असा हा न्याय. मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून दान द्यावे लागते, ही समजूतही जुनी आहे. तिने काही मांजरांचे प्राण वाचविले असतील, हे आम्ही अमान्य करीत नाही. परंतु त्या समजुतीत मांजराविषयी कणव नसून सोन्याच्या खर्चाचे भय आहे. आणि भयाने केलेले रक्षण भय संपताच संपते.

गरज आणि इच्छा

येथे एक गंभीर प्रश्न उद्भवतो व तो टाळणे योग्य नाही. पंचशीलातील पहिले शील पाळणाऱ्या उपासकाने उंदीर मारणारा प्राणी घरी ठेवावा काय? मैत्री मांजरावर करावी, तर उंदरावर का नाही? खंधपरित्तात ज्या प्राण्यांचा उल्लेख येतो त्यांत उंदीरही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. तथागतांची अहिंसा हे तत्त्व आहे, यांत्रिक नियम नव्हे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. मांजराला मारण्यावाचून जगता येत नाही. त्याच्या ठायी निवड नाही, म्हणून दोषही नाही. वर्षाचे धान्य राखणाऱ्या शेतकऱ्याच्या ठायीही द्वेष नसतो. बाबासाहेबांनी केलेला भेद या ठिकाणी आम्हांस मार्गदर्शक वाटतो.

परंतु त्याच कसोटीवर आमच्या गावांतील दुसरी एक रीत टिकत नाही. भाटी वर्षातून दोनदा किंवा तीनदा विते. मागणाऱ्या घरांची संख्या संपली की उरलेली पिले पोत्यात घालून काळू, शाई किंवा भातसा नदीपलीकडे सोडली जातात. कधी याहून वाईटही घडते. हे काम बहुधा पुरुषाकडे येते. पिलू मोठे करून वर्षभर ताटाशेजारी बसविणारा हात तोच असतो. मांजरीचे दात तिच्या पिलाला लागत नाहीत, अशी आपल्याकडे म्हण आहे. माणसाचे हात मात्र लागतात. येथे ना धान्याचे रक्षण आहे, ना दुसरी कोणती गरज. केवळ सोय आहे. आमच्या लहानपणी आमच्याच घरातून असे एक पोते उचलले गेले होते आणि त्या संध्याकाळी ते नेणारे वडीलधारे न जेवता पडवीत बसून राहिले होते. त्यांच्याकडे त्या वेळी दुसरा उपाय नव्हता. आज आहे. पशुवैद्याकडून मांजराचे निर्बीजीकरण करता येते. प्रश्न केवळ त्यासाठी तालुक्याच्या गावी जाण्याचा आहे.

दुसरा बदल अधिक शांतपणे झाला. सिमेंटची घरे आली, कणगीच्या जागी पत्र्याची कोठी आली आणि उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड व ब्रोमॅडिओलोन यांची आमिषे आली. विष खाल्लेला सुस्त उंदीर मांजराला सहज सापडतो; ब्रोमॅडिओलोनसारखे रक्त न गोठू देणारे विष अशा उंदराच्या देहातून मांजराच्याही पोटात जाते. पावसाळ्यात भातखाचरांत काम करणाऱ्यांना उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, तेव्हा उंदरांचे नियंत्रण आवश्यकच आहे. परंतु विष घरात व खळ्यावर उघडे न टाकणे, मेलेले उंदीर पुरणे, एवढी दक्षता घेणे कोणालाही अशक्य नाही. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या कणगी राखली, तो त्याच कणगीपाशी विषाने मरावा, हे कृतज्ञतेच्या विरुद्ध आहे.

धम्मदीक्षेच्या प्रसंगी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत प्राणिमात्रांविषयी दया बाळगून त्यांचे पालन करण्याची एक प्रतिज्ञा आहे. ती उच्चारताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा मोठे प्राणी येतात. शहापूर-मुरबाडच्या वस्त्यांतील विहारांत बालसंस्कार वर्ग चालतात. तेथे बब्बुजातकाबरोबर मिंचोच्या चित्राची गोष्टही सांगितली जावी आणि मुलांनी आपापल्या आजोबांना त्यांच्या मांजरांविषयी विचारून ते लिहून काढावे, अशी आमची सूचना आहे. सम्राटाची रोजनिशी अकराशे वर्षे टिकली; वैशाखऱ्याच्या किंवा डोळखांबच्या शेतकऱ्याने मांजराशी केलेले बोलणे कोणी टिपून ठेवलेले नाही. वास्तविक दोघेही एकच गोष्ट करीत होते.

बैल म्हातारा झाला की म्हशाच्या बाजारात त्याची पुन्हा किंमत होते. मांजर म्हातारे झाले की त्याची किंमत होत नाही, कारण ती कधी झालेलीच नव्हती. दात पडलेले, उंदीर धरण्यास असमर्थ झालेले मांजर या भागातील कित्येक घरांत अजूनही ताटाशेजारी बसते आणि घरातील वृद्ध पुरुष भाताचा मऊ घास कुस्करून त्याच्यापुढे ठेवतो. त्या घासाचा कोणताही उपयोग नाही, आणि तो ठेवल्याशिवाय ते वृद्ध गृहस्थ स्वतः जेवत नाहीत.